डांबराचा दिवस, मातीचा दिवस : ऊडनाडाटा ट्रॅकच्या सात दिवसांचं एक नियोजन

प्रकरण असं आहे. अ‍ॅडलेडमध्ये राहणारं एक मराठी जोडपं, दोघंही चाळिशीच्या आतले, दोघांनाही गाडी चालवता येते. पुण्याहून आई-बाबा आलेले. बाबा ६६ वर्षांचे, रोज रात्री इन्शुलिन घेतात. आई ६३ च्या, गुडघे दुखतात, पण बाकी खुटखुटीत. ऑगस्टचा तिसरा आठवडा, शनिवारी सकाळी निघायचं आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी परतायचं. त्याच रविवारी रात्री आई-बाबांचं परतीचं विमान. मागणी एकच : शहरं पाहून झाली, आता ऑस्ट्रेलियाचं पोट बघायचंय, तो लाल मातीचा उजाड आउटबॅक.

कुटुंब नमुन्यादाखल घेतलेलं आहे. रस्ता, अंतरं आणि हिशोब मात्र खरे.

पहिला आराखडा अशा घरांत नेहमी जसा बनतो तसाच बनला. अ‍ॅडलेड, विल्पिना, मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, डलहाउझीचे गरम झरे, तिथून उलुरू आणि परत. (मरी हे गावाचं नाव. आईंनी ऐकताच हात जोडले, पण मरीआईशी त्याचा काही संबंध नाही.) नकाशावर बोट फिरवताना सगळं एका ओळीत दिसतं. उलुरू अ‍ॅडलेडहून डांबरी रस्त्यानेच एका बाजूला सुमारे १,६०० किलोमीटर आहे, म्हणजे नुसतं जाणं-येणं चार दिवस खातं. डलहाउझी ऊडनाडाट्याच्या उत्तरेला जवळपास १८० किलोमीटर दगडाळ वाटेवर, शिवाय तिथे जायला डेझर्ट पार्क्सचा पास लागतो. ही दोन्ही नावं पहिल्याच बैठकीत खोडली. वाद झाला नाही.

वाद झाला तो फ्लिंडर्सच्या डोंगरांतल्या विल्पिनावर.

विल्पिना का गेलं

ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे मरीपासून मार्लापर्यंतचा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. त्याला ही वाट पाण्याने दिली आहे. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलाचा प्रचंड साठा आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा. त्याच्या या काठावर पाणी झऱ्यांच्या रूपाने वर येतं. त्या झऱ्यांवरून आधी आदिवासींचे व्यापारी मार्ग गेले, मग १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारेची लाइन, मग जुनी 'घान' रेल्वे. रेल्वेचं नाव इथल्या उंटवाल्यांवरून पडलं. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत असले तरी त्यांतले बरेच बलुचिस्तान, सिंध, पेशावर, पंजाबकडचे होते. १८६६ च्या सुमारास शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसं घेऊन जहाज निघालं ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मरीत आजही त्या काळच्या मशिदीची प्रतिकृती आणि खजुरीची झाडं आहेत. जुनी रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. रस्ता तिच्या उखडलेल्या रुळांच्या कडेकडेने जातो.

उलुरू आणि डलहाउझी काढल्यावर उरलेला आराखडा असा : पहिला मुक्काम विल्पिना, दुसरा मरी, तिसरा कावर्ड स्प्रिंग्ज, चौथा विल्यम क्रीक, पाचवा ऊडनाडाटा, सहावा कूबर पीडी आणि सातव्या दिवशी कूबर पीडी ते अ‍ॅडलेड सुमारे ८५० किलोमीटर. दिवस बरोबर सात भरतात, आणि दोष तोच आहे. कुठेही एक दिवस अडकलं की आठवा लागतो.

इथे ज्या तत्त्वावर सगळं बसवलं ते सांगतो. डांबरावरचा दिवस दाबता येतो, मातीवरचा येत नाही. डांबरावर ५४० आणि ३१० किलोमीटरचे दोन निवांत दिवस असतील, तर गरज पडल्यास दोन चालक आलटून-पालटून ते एका दिवसात उरकू शकतात. मातीवर मात्र सरासरी ताशी ६० च्या वर धरू नये. पाऊस पडला तर सरासरी शून्य. म्हणून मोकळा दिवस हवा तो सहलीच्या शेवटी, डांबरावर, दोन हलक्या दिवसांत लपवलेला. तो सुरुवातीला ठेवून उपयोग नाही, कारण अडचण अजून आलेलीच नसते.

तो मिळवायचा कुठून? विल्पिनाचा दिवस कापून. सूनबाईंना ते पटेना, कारण फ्लिंडर्सचे डोंगर खरोखर देखणे आहेत. पण विल्पिनाला डांबरी रस्ता आहे आणि अ‍ॅडलेडहून कुठल्याही लांब शनिवार-रविवारी जाता येतं. आई-बाबांना परत ऊडनाडाट्याला आणणं तेवढं सोपं नाही.

नवा क्रम :

शनिवार : अ‍ॅडलेड ते ली क्रीक, सुमारे ५५० किमी, सगळं डांबर.
रविवार : लिंडहर्स्ट, फरीना, मरी करत कावर्ड स्प्रिंग्ज, सुमारे २५० किमी.
सोमवार : विल्यम क्रीक, फक्त ७५ किमी, आणि विमानातून काटी थांडा-लेक एअर हा मिठाचा तलाव.
मंगळवार : ऊडनाडाटा, २०३ किमी.
बुधवार : पेंटेड डेझर्टवरून कूबर पीडी, सुमारे २४० किमी.
गुरुवार : पोर्ट ऑगस्टा, ५४० किमी, डांबर.
शुक्रवार : अ‍ॅडलेड, ३१० किमी.

एकूण २,१६८, आडवाटा धरून २,३००. सोमवार मुद्दाम हलका आहे. तिथली छोटी विमानं वाऱ्यावर अवलंबून असतात, सकाळचं उड्डाण दुपारी जाऊ शकतं. आणि आदल्या दिवशी खडखडाट सोसलेल्या गुडघ्यांनाही एक दुपार लागते.

दिवसाच्या उजेडाचाही हिशोब यात आहे. ऑगस्टच्या मध्याला सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. तिन्हीसांजेला कांगारू, एमू आणि गुरं रस्त्यावर येतात. बहुतेक भाडेकरार गावाबाहेर रात्री गाडी चालवायला मनाई करतात. म्हणून साडेआठला निघायचं आणि साडेचारला थांबलेलं असायचं. रविवारचे २५० किलोमीटर कागदावर किरकोळ वाटतात. त्यात फरीनाची पडकी दगडी घरं, मरीत डिझेल, काटी थांडा-लेक एअरच्या दक्षिण तलावाचा कठडा आणि 'बबलर' हा चिखलातून बुडबुडणारा झरा धरा. चार वाजतात.

गाडी आणि करारातली बारीक अक्षरं

गाडी भाड्याची. निवड जुन्या १५० सिरीजच्या डिझेल टोयोटा प्राडोवर आली, ती दोन टाक्यांसाठी. दोन्ही मिळून १५० लिटर. माती आणि ओझं धरून शंभर किलोमीटरला १४ लिटर मोजलं, तरी एका भरणीत हजार किलोमीटरच्या वर. ट्रॅकवर मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि पुढे कूबर पीडी इथे पंप आहेत, म्हणजे दोन पंपांत जास्तीत जास्त २४० किलोमीटर. तरीही हिशोब एक पंप बंद आहे असं धरून करायचा. रस्ता आठवडाभर बंद राहिला तर डिझेलचा टँकरही येत नाही. मरी ते ऊडनाडाटा ४०७ किलोमीटर, म्हणजे ५७ लिटर, त्यावर पाव हिस्सा जादा धरून ७१. प्राडोला हे सहज जमतं, ८० लिटरच्या टाकीच्या गाडीला नाकापर्यंत येतं. त्यामुळे जेरीकॅन नेलेच नाहीत. वाचलेलं वजन पाण्याकडे गेलं. पूर्ण फेरीला डांबरावर १६० आणि मातीवर १००, आडवाटांसकट २८०-२९० लिटर डिझेल धरलं.

करारात 'फोर व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं असणं म्हणजे कच्च्या रस्त्याची परवानगी नव्हे. आगाऊ रक्कम भरण्याआधी चार गोष्टी लेखी घेतल्या. ऊडनाडाटा ट्रॅक आणि विल्यम क्रीक-कूबर पीडी रस्ता नावानिशी मान्य आहे का? टायर, काच आणि गाडीचं पोट विम्यात आहे का? दुसऱ्या गाडीशी धडक न होता गाडी उलटली तर काय? (कच्च्या रस्त्यावर सर्वात जास्त होणारा अपघात तोच, आणि अनेक विमे तोच वगळतात.) वाटेत गाडी बंद पडली तर ओढून आणायचा खर्च कुणाचा? फोनवरचं "हो हो, चालतं" इथे कामाचं नाही. ईमेल हवा.

वजन

पहिली यादी करून प्रत्येक वस्तू खरोखर तोलली. अशा गाड्यांची वहनक्षमता माणसं धरून साधारण ६०० किलोच्या आसपास असते. एक फसवणूक ओळखून ठेवा. कागदावरचं रिकामं वजन 'टेअर' असेल, तर त्यात इंधन फक्त १० लिटर धरलेलं असतं. उरलेल्या १४० लिटर डिझेलचे जवळपास ११८ किलो तुमच्या वाट्यातून जातात. वजन 'कर्ब' असेल तर टाकी भरलेली धरलेली असते. इथे कर्ब होतं.

चार माणसं २७०. पाणी डब्यांसकट ११५. दुसरं जादा चाक ३०. टपावरची कॅरिअर जाळी ३०. तंबू, गाद्या, झोपायच्या पिशव्या ६०. शिधा आणि भांडी ४५. भरलेला गाडीतला फ्रिज ३५. कपड्यांच्या बॅगा ४०. हत्यारं आणि गाडी ओढायचं सामान २५. बेरीज ६५०.

पन्नास किलो जास्त. शहरात कुणाला कळणारही नाही. खड्ड्यांच्या लाटांवर मात्र हेच मागच्या स्प्रिंगा आणि टायरच्या कडांवर निघतं. काय काढलं? जाळी काढली आणि दुसरं चाक आत आडवं बांधलं, ३० कमी. टपावरचं ओझं गेल्याने उलटण्याचा धोकाही उतरला, हा वरचा फायदा. विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि कूबर पीडीत खोल्या घेतल्या. तंबू फक्त कावर्ड स्प्रिंग्जच्या रात्रीपुरते, २५ कमी. बॅगा माणशी सात किलो, मऊ पिशव्यांत, १२ कमी. राहिले ५८३.

पाण्याला हात लावला नाही. गणित असं : चार माणसं, दिवसाला माणशी ६ लिटर पिण्या-शिजवण्याला, एक दिवस प्रवासाचा आणि तीन अडकण्याचे. ९६ लिटर, धुण्याला १४ धरून ११०. ऑगस्टमध्ये दिवसा हवा २० अंशांच्या आसपास असते म्हणून एवढ्यात भागतं. याच ऊडनाडाट्यात २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश नोंदले गेले, आणि उन्हाळ्यात ही सहल करूच नये. पाणी एका टाकीत भरायचं नाही. २० लिटरचे चार आणि १० लिटरचे तीन डबे. एकाला चीर गेली तरी सहा उरतात, आणि दहाचा डबा आईंनाही उचलता येतो. ट्रॅकवरच्या गावांत बोअरचं पाणी मिळतं, पण ते मचूळ असतं. त्यात चहा फुटतो आणि डाळ शिजायला वेळ घेते.

डाळीवरून शिध्याकडे. भाजणी, मेतकूट, गुळाच्या दशम्या, पिठल्याचं पीठ, चिवडा, तांदूळ. कुकर नेला तो पाणी आणि गॅस वाचतो म्हणून. एका शिट्टीच्या डब्यात वरण-भात एकत्र होतो आणि खालचं पाणी भांडी विसळायला उरतं. शेगडी कुठली, हे मात्र नीट बघायला हवं. स्वस्त छोट्या नळकांड्यांत ब्यूटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळ वायूच होत नाही. वाळवंटात ऑगस्टची पहाट दोन-तीन अंशांची असू शकते. संध्याकाळी झकास पेटलेली शेगडी पहाटे चहाच्या वेळी नुसती फुसफुसते. प्रोपेनचा छोटा सिलिंडर घ्या.

टायर : इथे वेळ घालवा

ट्रॅकवर सहली मोडतात त्या बहुतेक टायरमुळे. गिबर म्हणजे या मैदानांवर पसरलेले गुळगुळीत दिसणारे, पण फुटल्यावर सुरीसारख्या धारेचे दगड. टायर ३८ पीएसआयवर ताठ असला की तो दगडावर दबत नाही आणि दगड आत शिरतो. २८ वर असला की तो दगडाला गुंडाळून घेतो. म्हणून डांबर संपताच चारही टायर ३८ वरून २८ वर आणायचे. आता उलट बाजू : कमी हवेचा टायर वेगात चालवला तर त्याची कड सतत दुमडते, तापते आणि आतून फाटते. २८ वर ताशी ८० ही कमाल मर्यादा. हवा कमी केली आणि वेग तोच ठेवला, तर हवा कमी करण्याने नुकसानच.

हवा बरोबर आहे का, हे ओळखायची साधी रीत आहे. सकाळी थंड टायर मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. चार ते सहा पीएसआय वाढ ठीक. त्याहून जास्त वाढली तर टायर तापतोय : एक तर वेग जास्त किंवा हवा फारच कमी. रेतीत रुतलात तर १८ पर्यंत उतरवा. बाहेर आल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने परत भरा. चार चाकं १८ वरून २८ वर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पंप तापतो, म्हणून दोन चाकांनंतर त्याला विसावा द्या.

चाक बदलायचा सराव निघण्याच्या आदल्या दिवशी घरासमोर केला. हे जोडपं ही पायरी गाळणार होतं. सरावात काय सापडलं ते पाहा. एक, चोरीपासून बचावासाठी प्रत्येक चाकाला एक वेगळा नट होता आणि त्याची किल्ली हत्यारांच्या पिशवीत नव्हती. भाडेकंपनीच्या कपाटातून ती मागवावी लागली. दोन, गाडीचा जॅक सिमेंटवर ठीक होता, पण बागेच्या मातीत गाडी उचलायच्याऐवजी स्वतःच खाली गेला. त्यासाठी ३० बाय ३० सेंटिमीटरची, १८ मिलिमीटर जाड प्लायची फळी कापून घेतली. तीन, पाना आखूड होता आणि सूनबाईंच्या ताकदीने नट सैल होईना, म्हणून लांब दांड्याचा घेतला. चार, पहिलं जादा चाक मागच्या दारावर आहे, त्यामुळे ते काढायला सामान उपसावं लागत नाही. आत बांधलेलं दुसरं मात्र सगळ्या सामानाच्या तळाशी होतं. ते हलवून पट्ट्याने कडेला उभं केलं.

वळवळत्या लाटांचा रस्ता गाडीचे नट सैल करतो. रोज संध्याकाळी, गाडी थंड झाल्यावर, दहा मिनिटं : बॅटरीचा क्लॅम्प, चाकांचे नट, नंबरप्लेट, पोटाखाली काही लोंबतंय का, टायरच्या आतल्या बाजूच्या चिरा (बाहेरची सगळेच बघतात), एअर फिल्टर. धुळीवर एक युक्ती : काचा बंद, पंखा जोरात आणि हवा बाहेरून घेणारी ठेवा. आतला दाब वाढतो आणि दारांच्या फटींतून धूळ शिरत नाही. समोरून गाडी आली की तेवढ्यापुरतं आतल्या हवेवर न्या, कडेला घ्या आणि वेग उतरवा. काच फुटते ती दोन्ही गाड्यांच्या वेगाच्या बेरजेने.

बाबांचं इन्शुलिन

सगळ्यांची पहिली भीती उष्णतेची असते. ऑगस्टमध्ये खरा धोका थंडीचा आहे. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली बाहेर राहू शकतं, न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत. पण गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यायचं असतं, मग ते दिसायला स्वच्छ का असेना. गोठण्याच्या जागा दोन. पहिली, गाडीतल्या फ्रिजचा तळ आणि थंड पत्रा. आकडा ४ दाखवत असताना तिथे शून्याखाली असू शकतं. म्हणून पेनं डब्यात, डबा टॉवेलमध्ये आणि तो वरच्या टोपलीत. शेजारी तीस-चाळीस डॉलरला मिळतो तसा वेगळा तापमापक, ज्याची तार डब्याच्या आत जाते. दुसरी जागा तंबू. कावर्ड स्प्रिंग्जच्या रात्री वापरातलं पेन बाबांच्या झोपायच्या पिशवीत, पायाशी. पेनांचे दोन संच, वेगवेगळ्या पिशव्यांत, म्हणजे एक बॅग हरवली तरी दुसरा हाताशी. गोड काही चालकाच्या दारातल्या कप्प्यात. गूळ चालतो, पण साखर उतरल्यावर ग्लुकोजच्या गोळ्या मोजून देता येतात.

आजारांची यादी, औषधांची मूळ नावं आणि मात्रा इंग्रजीत एका कागदावर, गाडीच्या कप्प्यात. मरीत रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं आरोग्यकेंद्र आहे. १९२८ मध्ये सुरू झालेली ही विमानी वैद्यकीय सेवा इथल्या लोकांचा आधार आहे. आई-बाबांच्या प्रवासविम्यात आधीपासूनचा मधुमेह मान्य केलेला आहे का, हे भारतातून निघतानाच पाहायला हवं होतं. इथे नशिबाने होता.

निरोप आणि बीकन

मोबाइलला रेंज मिळाली तर गावांपाशीच, मधल्या दोनशे किलोमीटरमध्ये नाही. एक सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घेतला आणि एक पीएलबी, म्हणजे खिशात मावणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन. तो आपल्या नावावर नोंदवायचा असतो, नोंदणी फुकट आहे. तो फक्त जिवावर बेतलं तर दाबायचा. टायर फुटणं त्यात येत नाही. यूएचएफ रेडिओ गाडीत आहे, चॅनल ४० वर ट्रकवाले बोलतात. कूबर पीडीच्या खाली डांबरावर ५३.५ मीटरपर्यंत लांब रोड ट्रेन (मागे अनेक डबे जोडलेले ट्रक) भेटतात. मागे टाकण्याआधी रेडिओवर विचारलं तर तेच सांगतात, "जा, मोकळं आहे."

अ‍ॅडलेडच्या मित्राला रोज संध्याकाळी सातच्या आत एक निरोप, एकाच साच्यातला : "अरे, पोचलो, विल्यम क्रीक. उद्या ८.३० ला निघून ऊडनाडाटा, आडवाट फक्त अल्जेबकीनाचा पूल. उद्या ७ पर्यंत कळवतो." निरोप आला नाही तर मित्राने काय करायचं, हेही लिहून दिलं : रात्री नऊला मेसेंजरचं शेवटचं ठिकाण बघायचं, पुढच्या मुक्कामाच्या खोलीवाल्यांना फोन करायचा, आणि त्यांच्याकडे पोचले नसतील तर पोलिसांना कळवायचं. "काळजी वाटली तर बघ" असं सांगून भागत नाही. काळजी प्रत्येकाला वेगळ्या वेळी वाटते.

गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. हे चौघांना, विशेषतः बाबांना, स्पष्ट सांगितलं. डिसेंबर १९६३ मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर इंधन संपल्यावर गाडी सोडून चालत निघालेल्या एका कुटुंबातली पाचही माणसं गेली. डिसेंबर १९९८ मध्ये विल्यम क्रीकजवळच, तलावाकाठच्या हॅलिगन बेवर, एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी रेतीत रुतली. दोघं मदतीसाठी चालत निघाले, ती वाटेत उष्माघाताने गेली. तो मागे फिरून पाण्याच्या टाकीजवळ गाडीपाशी आला आणि वाचला. विमानातून गाडी दिसते. माणूस दिसत नाही.

पाऊस

सगळी तयारी ज्याच्यापुढे फिकी पडते तो हा. इथे दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस म्हणजे कोकणात कुणी छत्रीही उघडणार नाही एवढा. पण ही चिकणमाती एवढ्याने साबण होते आणि रस्ता बंद जाहीर होतो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहेच, शिवाय भाड्याच्या गाडीचा विमा त्या क्षणी रद्द. ओल्या मातीत उठलेले चाकांचे चर वाळल्यावर दगडासारखे होतात आणि ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) येईपर्यंत सगळ्यांना छळतात. म्हणून स्थानिक लोक यावर चिडतात, आणि योग्यच आहे. ऊन-वारा चांगला असेल तर रस्ता एक ते तीन दिवसांत उघडतो.

निर्णय रस्त्यात घ्यायचे नाहीत. ते तीन संध्याकाळी, रेंज असताना, राज्याच्या रस्ते खात्याचं पान आणि हवामान खात्याचा अंदाज समोर ठेवून घ्यायचे.

शनिवारी ली क्रीकला : पुढच्या तीन दिवसांत १० मिलिमीटरच्या वर अंदाज असेल तर ट्रॅकवर पाऊल टाकायचं नाही. मागे वळून विल्पिनाला चार दिवस. कापलेलं विल्पिना असं परत आलं, पर्यायी बेत म्हणून. सूनबाईंचं थोडं समाधान झालं.

सोमवारी विल्यम क्रीकला : मंगळवार कोरडा, पण बुधवारी पाऊस दिसत असेल, तर ऊडनाडाटा सोडून मंगळवारीच थेट कूबर पीडी गाठायचं, १६६ किलोमीटर. तोही रस्ता मातीचाच आहे, पण एका सकाळीत संपतो आणि पलीकडे डांबर आहे. अल्जेबकीनाचा १८९२ मधला लोखंडी पूल आणि पेंटेड डेझर्टचे गेरू-पिवळे डोंगर हुकतील, ते हुकू द्यायचे. पाऊस आधीच पडला असेल तर पर्याय उरत नाही : खोली आणखी एका रात्रीसाठी घ्यायची आणि पत्ते खेळायचे.

मंगळवारी ऊडनाडाट्याला : इथून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा दोनशे किलोमीटरच्या आसपास मातीच्या आहेत, मार्लाची, कूबर पीडीची, मागची. म्हणून या गावात पाऊस गाठला तर पुढच्या वाटेचा विचारच करायचा नाही. इथे अडकण्याची शक्यता गृहीत धरूनच पाणी ११० लिटर घेतलं आहे.

बुधवारी कूबर पीडीला पोचल्यावर जमिनीखालच्या खोलीत (इथे हॉटेलंही जमिनीत खोदलेली असतात) सामान टाकण्याआधी टायर ३८ वर न्यायचे आणि टाकी काठोकाठ भरायची. दक्षिणेला ग्लेंडंबोपर्यंत अडीचशे किलोमीटर मध्ये पंप नाही. एक दिवस वाया गेला असेल तर इथून गुरुवार-शुक्रवार एकत्र दाबायचे : पहाटेऐवजी सूर्य वर आल्यावर निघायचं, दर दोन तासांनी चालक बदलायचा, आणि करारात रात्री चालवायला मनाई नसेल तरच पोर्ट ऑगस्ट्याच्या पुढचा टप्पा अंधारात न्यायचा, तो वर्दळीचा असल्याने तिथे जनावरांचा त्रास कमी.

दोन दिवस गेले तर? गाडी करारात शुक्रवारऐवजी शनिवार संध्याकाळपर्यंत घेतली आहे. एका दिवसाचं भाडं जास्त गेलं, पण उशिराचा दंड त्याहून बराच मोठा असता. रविवारचं विमान रात्रीचं आहे. शनिवारी कुणी जेवायला बोलावलं तर हो म्हणायचं नाही.